हात बसवायला

मेजरसाहेबांना मराठी मी शिकवलं असं आमच्या दवाखान्यात सगळे म्हणायचे. खरं तर ते वॉर्डात ऐकून ऐकूनच शिकले. 'दुखतंय का', 'कुशीवर व्हा', 'पाणी अजून द्यायचं नाही' ही रोजची वाक्यं त्यांची त्यांनीच मिळवलेली. मी शिकवलेलं असं एकच वाक्य. पण तेवढं पुरलं.

मी दौंडच्या बाहेर, रस्त्यालगतच्या एका धर्मादाय दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. रिटायर होईपर्यंत सव्वीस वर्षं तिथंच काढली. थिएटरात हात चालायचा आणि थिएटरबाहेर तोंड. डॉक्टर लोकसुद्धा मला दबकून असायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? आई म्हणायची, "उचलली जीभ, लावली टाळ्याला! एक दिवस ही जीभ तुला रडवंल बघ." रडवलं, पण आधी दुसऱ्यांना. माझी पाळी फार उशिरा आली.

आमच्याकडं माणूस यायचा तो मोडूनच यायचा. हायवेवर ठोकर खाल्लेला, कुरकुंभच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून येताना मोटारसायकलवर डुलकी लागलेला, कडबाकुट्टीत बोटं गेलेला, उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला. मेजरसाहेब आमच्याकडं आले ते त्यामुळंच. छावणीतल्या लष्करी दवाखान्यात ते सर्जन. त्यांच्या वरच्या साहेबांचं पत्र आलं, आमच्या ट्रस्टींनी ठराव केला आणि दर मंगळवारी, शुक्रवारी सकाळी आठाला त्यांची जीप फाटकातून आत यायला लागली. आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या जोडीनं ते ऑपरेशनं करायचे आणि संध्याकाळी परत जायचे.

सैन्यातल्या सर्जनला आमच्याकडं काय काम, असं मलाही पहिल्यांदा वाटलं. मी विचारलंच. ते उत्तरेकडच्या डोंगरातले, बोलायचे हिंदीत, हळू आवाजात. म्हणाले, छावणीतले जवान सगळे पंचविशीतले, पहाटे उठून पळणारे. त्यांना होऊन होऊन काय होणार? हर्निया, अपेंडिक्स, नाहीतर फुटबॉल खेळताना मुरगळलेला घोटा. शांततेच्या दिवसांत सैन्यातल्या सर्जनच्या वाट्याला तेवढंच येतं. मग एक दिवस त्याला वर बर्फात पाठवतात आणि समोर येतो तो पाय फुटलेला जवान. तुटलेली रक्ताची नळी शोधायची, चिमट्यात धरायची, जोडायची. शिकलेलं सगळं असतं, पूर्वी केलेलंही असतं. पण मधली तीन वर्षं हात रिकामा बसलेला असतो.

त्यांचं स्वतःचं तसंच झालं होतं. एकदा वर असताना हात अडखळला आणि एक जवान गेला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, चहा पिताना. सांगता सांगता खुर्चीच्या दांडीला दोऱ्याच्या गाठी मारत होते, एका हातानं, न बघता. ती त्यांची सवय होती. ते गेले की मी कात्रीनं त्या गाठी कापायची आणि पुटपुटायची, "खुर्चीला टाके घालणारा पहिलाच डॉक्टर बघितला बाई."

आता माझं त्यांच्याशी कुठं बिनसलं ते सांगते. दुसऱ्याच आठवड्यात एक पोटाचं ऑपरेशन होतं. पोट शिवायच्या आधी गॉजचे तुकडे मोजायचे असतात, आत काही राहायला नको म्हणून. मी मोजले आणि "बरोबर आहेत" म्हणाले. साहेब म्हणाले, "ज़ोर से गिनिए, सिस्टर." मोठ्यानं! मला! माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरींच्या समोर! पाढे म्हटल्यासारखे मी एक एक मोजले, आणि मेला एक कमी भरला. सगळं थिएटर थांबलं. शेवटी तो तुकडा बादलीच्या बुडाला चिकटलेला सापडला. साहेब ओरडले नाहीत. "थँक यू, सिस्टर," म्हणाले आणि शिवायला घेतलं. ओरडले असते तर मीही चार शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. त्या थँक यूनं मात्र नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या आठ दिवस उतरल्या नाहीत.

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, चहाच्या वेळी त्यांनी खिशातून छोटी वही काढली. म्हणाले, पेशंटला आणि त्याच्या माणसांना कळायला पाहिजे मी कोण आणि इथं कशासाठी येतो. त्यांच्या अंगाला हात लावणार तर तेवढं सांगणं माझं काम आहे. मराठीत कसं सांगू? मग स्वतःच हिंदीत बोलून दाखवलं, "मेरा हाथ चलता रहे, इसलिए आता हूँ."

बघा, किती सरळ होतं. 'माझा हात चालता राहावा म्हणून येतो.' नुसतं इकडचं तिकडं ठेवायचं होतं. मी साखर ढवळत म्हणाले, "लिहा साहेब. मी इथं हात बसवायला येतो."

शहरातल्या माणसाला यात काही वावगं वाटायचं नाही. सराव करायला येतो, एवढंच वाटेल. पण आमच्या भागात, आणि त्यातून मेंढरं पाळलेल्या घरात, तसं नाही. आमचं घर धनगराचं, शिरूर तालुक्यातलं, केंदूरचं. आता सगळी शेती, पण माझ्या लहानपणी वडिलांकडं, आप्पांकडं, मेंढरं होती. लोकर कातरायला कोणी नवा आला की त्याला पहिल्या दिवशी तरणं मेंढरू कोणी देत नसे. एखादं म्हातारं, व्यायचं थांबलेलं, आज ना उद्या बाजारात न्यायचंच असं मेंढरू त्याच्या पुढ्यात टाकायचे. "घे, हात बसव." कातर वाकडी पडायची, कातड्याला चिरा जायच्या, रक्त यायचं, वरून हळद दाबायची. ते मेंढरू मान टाकून निमूट पडायचं. मला ते बघवायचं नाही, मी पळून जायची.

तेव्हा 'हात बसवायला' म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं असं कुठल्या तोंडानं म्हणू? ठाऊक होतं म्हणूनच शिकवलं. मोठ्यानं मोजायला लावतोस काय, म्हण आता तूच आपल्या तोंडानं की मी शिकाऊ आहे.

साहेबांनी ते वहीत देवनागरीत स्वच्छ लिहून घेतलं, दोनदा म्हणून दाखवलं आणि मला थँक यू म्हणाले.

थिएटरात आमचे एक मदतनीस होते, पेशंटला आत आणणं, उचलणं, टेबल धुणं सगळं त्यांच्याकडं. वयानं मोठे म्हणून सगळे त्यांना मामा म्हणायचे. तेही मेंढरांच्याच घरातले. ते कोपऱ्यात बशीत चहा ओतून पीत होते. साहेब गेल्यावर म्हणाले, "बाई, ह्ये काय शिकवलंसा त्यास्नी?"

"चेष्टा हो, मामा."

"चेष्टा तुमची, आन् मेंढरू कुणाचं?"

मी हसले. म्हणाले, मंगळवारी सांगते बदलून. तो मंगळवार गेला, पुढचाही गेला. पाच आठवडे गेले.

या पाच आठवड्यांत काही वाईट झालं नाही, हेच वाईट झालं. परप्रांतातल्या ड्रायव्हरांशी, कामगारांशी साहेब हिंदीतच बोलायचे. बाकीच्यांना वाटायचं, परक्या मुलखातला माणूस, मोडकंतोडकं बोलतोय बिचारा. एक पेशंट तर टाके काढताना म्हणाला, "मग साहेब, बसला का हात आमच्यावर?" साहेबांनी हसत मान हलवली, "बसतोय, बसतोय!" आम्ही सगळ्या मास्कच्या आड खुदूखुदू. साहेबांना वाटलं, मराठी जमायला लागलं आपल्याला.

आणि खरं सांगते, माझा राग तोवर गेला होता. एका ऊसतोडणी करणाऱ्या माणसाच्या मनगटाची नळी कोयत्यानं तुटली होती, ती जोडताना मी त्यांच्यासमोर उभी होते. केसाएवढी सुई, दिसेल न दिसेल असा दोरा. अडीच तास साहेब वाकून उभे होते. घाई नाही, शिव्या नाहीत, नुसतं "सक्शन" आणि "थँक यू". चिमटे सोडल्यावर त्या माणसाची पांढरीफटक बोटं गुलाबी झाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी एवढे सर्जन बघितले, असा हात बघितला नव्हता. त्या दिवसापासून मी गॉज आपणहून मोठ्यानं मोजायला लागले. राग गेला, पण वाक्य तसंच राहिलं. सांगायचं तर आधी कबूल करायला लागलं असतं ना, की मुद्दाम चुकीचं शिकवलं. तेवढी माझी जीभ वळेना. एरवी ती कुणाला ऐकत नसे.

मग तो मंगळवार आला. सकाळचे साडेदहा वाजले असतील. वडगाव रासाईकडून एक जीप आली. तीत मागं एक बाई, तिशीच्या आतबाहेरची, उजवा पाय गोधडीत गुंडाळलेला. उसाची ट्रॉली बांधावरून कलंडली होती आणि ही खाली सापडली. बरोबर नवरा, दीर आणि सासरा. नवरा तिचा हात धरून बसला होता. बोलत होते ते सासरेच, डोक्याला पिवळा पटका, हातात काठी.

मोठ्या डॉक्टरांनी गोधडी काढली. गुडघा निखळलेला, पाऊल गार, रंग मेणासारखा. साहेबांनी घोट्याच्या आतल्या बाजूला बोटं ठेवली, मग पावलावर, मग गुडघ्याच्या मागं. मान वर न करता म्हणाले, नळी तुटली आहे. मोठे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हाड मी बसवीन, नळी माझ्या हातची नाही. तिचं नशीब की आज मंगळवार आहे. सहा तासांत रक्त चालू झालं तर पाय राहील. दोन तर गेलेच आहेत. टेबल लावा." मी टेबल लावायला पळाले. मामांनी स्ट्रेचर घेतला. सही घ्यायचा कागद मीच घेऊन बाहेर आले, आणि माझ्या मागोमाग साहेब.

साहेब आधी त्या बाईजवळ गेले. तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "ताई, पाय राहणार." मग सासऱ्यांकडं वळले, दोन्ही हात जोडले. वही काढली नाही. पाठ झालं होतं त्यांना.

"आबा, नमस्कार. मी सैन्यातला डॉक्टर. मी इथं हात बसवायला येतो. ताईच्या पायाची नळी मी जोडणार."

म्हाताऱ्यांनी एकदा साहेबांकडं बघितलं, एकदा सुनेकडं. "काय करायला येता?"

साहेबांना वाटलं, ऐकू कमी येतं. त्यांनी जवळ जाऊन सावकाश, मोठ्यानं परत सांगितलं, "हात बसवायला."

"व्हय?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "आन् माझी सून म्हंजी काय म्हातारं मेंढरू हाय? हिच्यावर हात बसवणार तुम्ही? उचला रं तिला! पुण्याला घ्या!"

मोठे डॉक्टर धावत बाहेर आले. आबा, असं करू नका, वेळ नाही, दोन तास रस्त्यात जातील, हा माणूस यातला तरबेज आहे, सगळं सांगितलं. मग तेही तापले आणि ओरडले, "पाय घालवाल तिचा!" ते ओरडले तसा म्हातारा आणखीनच घट्ट झाला. एवढा आग्रह कशाला करतात, तर ह्यांना हात बसवायला माणूस पाहिजे. त्यांच्या जागी माझे आप्पा असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

मी कागद हातात धरून तिथंच होते. चार पावलांवर. एवढंच म्हणायचं होतं, आबा, ते वाक्य चुकीचं आहे, मी शिकवलंय, माझी चेष्टा होती, त्यांचा हात केव्हाच बसलाय. मामा माझ्याकडं बघत होते. मोठे डॉक्टर होते, माझ्या हाताखालच्या पोरी होत्या, पंधरा-वीस पेशंटचे नातेवाईक होते. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "आबा, चांगले डॉक्टर आहेत हो."

"मग त्यो सोताच्या तोंडानं का म्हणतोय?"

याला उत्तर होतं माझ्याकडं. मी दिलं नाही. तिला परत जीपमध्ये ठेवली. गोधडी गुंडाळताना ती एकदा ओरडली. जीप फाटकाबाहेर पडली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत होते. मोठे डॉक्टर समजावत होते तेवढ्या वेळात साहेब आत जाऊन हातमोजे घालून तयार उभे होते. ते त्यांनी काढले आणि टेबलावर ठेवले.

काय झालं ते तीन दिवसांनी कळलं. हडपसरला वाहनं तुंबली होती. पहिल्या दवाखान्यात नळी जोडणारा डॉक्टर हजर नव्हता, दुसऱ्यात नेईपर्यंत दुपार कलली. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. जीव वाचला. मामांनी मला हे सांगितलं आणि सांगून झाल्यावरही तिथंच घुटमळत राहिले. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटत असावं. मी उकळत्या पाण्यातून चिमटे काढत होते, ते काढत राहिले.

मस्करीची कुस्करी म्हणतात ती ही. आणि ती तिथंच थांबली नाही. म्हाताऱ्यांनी गावात सांगितलं, गावानं बाजारात सांगितलं. दौंडच्या त्या दवाखान्यात मिलिटरीचा शिकाऊ डॉक्टर माणसांवर हात बसवतोय. पेशंट यायचे आणि पहिलं विचारायचे, "आज मंगळवार तर न्हाई ना?" ट्रस्टींची बैठक झाली. तूर्त ही व्यवस्था थांबवावी असं ठरलं. तूर्त म्हणजे कायमचं, हे कोणाला कळत नाही? मोठ्या डॉक्टरांनी बैठकीत भांडून बघितलं. मला कोणी बोलावलं नाही आणि मी आपणहून गेले नाही.

शेवटच्या शुक्रवारी साहेब आपलं सामान घ्यायला आले. डोळ्यांना लावायचं भिंगाचं चष्म्यासारखं असतं ते, आणि दोन बारीक चिमटे. मी चहा केला. त्यांनी नेहमीच्या खुर्चीत बसून चहा घेतला, पण त्या दिवशी गाठी मारल्या नाहीत. मग वही काढून ते पान माझ्यापुढं धरलं आणि विचारलं, "सिस्टर, सच बताइए. ये वाक्य ग़लत था क्या?"

किती मऊपणानं विचारलं त्यांनी! आरोप नव्हता, शंकासुद्धा नव्हती. चूक आपलीच असणार, आपल्या उच्चारात काही राहिलं असणार, असं तोंड करून विचारलं. देवानं मला दुसरी संधी आणून हातात दिली होती. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी म्हणाले, "नाही साहेब. वाक्य बरोबर आहे. आमची माणसंच अडाणी."

आमची माणसं! ज्या म्हाताऱ्यानं आपल्या सुनेला शिकाऊच्या हातात दिलं नाही, तो अडाणी. आणि मी शहाणी.

साहेब म्हणाले, "नहीं नहीं, अनपढ़ नहीं. डर गए." वही मिटून खिशात ठेवली. पाच महिन्यांनी त्यांची वर बदली झाली, असं मोठ्या डॉक्टरांकडून कळलं. त्या पाच महिन्यांत त्यांनी छावणीत काय केलं असणार? हर्निया आणि मुरगळलेले घोटे. ज्या रिकाम्या हाताची त्यांना धास्ती होती, तोच हात घेऊन ते वर गेले. दिवाळीला माझ्या मोबाईलवर त्यांचा मेसेज येतो, 'दिवाळीच्या शुभेच्छा, सिस्टर', मराठीत. मीही शुभेच्छा लिहिते. तिकडं पहिला पाय फुटलेला जवान समोर आला तेव्हा हात चालला का, हे विचारायची माझी छाती होत नाही.

याला तीन वर्षं झाली. मी रिटायर झाले, केंदूरला भावाच्या शेजारी खोली बांधून राहते. कामाच्या धबडग्यात माणूस स्वतःला चुकवू शकतो, रिकामपणी नाही. गेल्या दसऱ्याच्या आधी एके दिवशी सकाळी उठले आणि एसटी धरली. न्हावऱ्याला उतरून पुढं रिक्षानं वडगाव रासाई गाठलं. घर सापडायला वेळ लागला नाही. पाय गेलेली सून म्हटल्यावर दुकानदारानं लगेच वाट दाखवली.

ती अंगणात पोत्यावर बसली होती. समोर झेंडूचा ढीग, हातात सुईदोरा, माळा करत होती. कृत्रिम पाय भिंतीला टेकवून ठेवलेला. मला तिनं ओळखलं नाही. मी सांगितलं, दौंडच्या दवाखान्यातली सिस्टर, त्या दिवशी कागद घेऊन उभी होते ती. तिचा चेहरा एकदम उजळला. "या की, बसा की!" म्हणाली, आणि ओरडून जावेला चहा टाकायला सांगितला.

मी विचारायच्या आधीच ती बोलायला लागली. शेतात जाता येत नाही, पण बसून होईल ते सगळं करते. पोरगी चौथीत आहे. पाय रात्री अजून दुखतो, नसलेला. मग म्हणाली, "एक बोलू का शिस्टर? त्यो मिलिटरीचा डॉक्टर माणूस खरा हुता. बाकीचे डॉक्टर काय येतंय, काय न्हाई, सांगत्यात का? त्यानं हात जोडून सांगितलं, मी शिकतोय म्हणून. दुसरा असता तर गुपचूप कापाकापी केली असती. मला म्हणला हुता, ताई, पाय राहणार. मला तवाच कळलं, उगा धीर देतोय. पन माणूस खरा."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. सांगून टाकलं. गॉज, थँक यू, साखर ढवळत शिकवलेलं वाक्य, सगळं. मधे थांबले असते तर परत तोंड उघडलं नसतं, म्हणून थांबलेच नाही. ती माळ ओवत ऐकत होती. एक फूल, दुसरं फूल. मग हात थांबला.

"म्हंजी," ती म्हणाली, "त्यास्नी येत हुतं?"

"व्हय गं."

"पाय ऱ्हाणार म्हणले, त्ये खरं हुतं?"

"खरं होतं."

मला वाटलं, आता ही मला शिव्या देईल, हाकलून देईल, तोंडात मारेल. मारावं असं फार वाटत होतं मला. ती नुसती आपल्या मांडीकडं बघत राहिली, जिथं साडी सपाट पडली होती तिकडं. मग माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाली, "ह्ये आबास्नी सांगू नगा."

"का गं?"

"त्यास्नी रोज वाटतं, आपण सुनेचा जीव वाचवला. आल्यागेल्याला सांगत्यात, मी माझी सून म्हातारं मेंढरू हू दिली न्हाई. तेवढ्यावर जगतंय म्हातारं. माजा पाय त्यांच्या हट्टानं गेला ह्ये कळलं तर चार दिस काढायचं न्हाईत."

तेवढ्यात गोठ्याकडून काठीचा आवाज आला. आबा येत होते, पिवळा पटका तोच, पाठ आणखी वाकलेली. सुनेनं पदरानं तोंड पुसलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आबा, दौंडच्या शिस्टर आल्यात, त्या तवाच्या."

आबा माझ्यासमोर बाजेवर टेकले. डोळ्यावर हात धरून मला नीट बघितलं. "व्हय व्हय. कागद घिऊन हुता तुमी." मग पुढं वाकले. "शिस्टर, तुमी शिकल्याल्या. तितं सगळं डोळ्यांनी बघितलंसा. मोठा डॉक्टर माज्यावर वरडला, गावात बी दोन-चार जण म्हणत्यात, आबा, तुमी घाई केली. आता तुमीच सांगा. मी बरं केलं का न्हाई?"

सून खाली मान घालून झेंडूची माळ हातात धरून बसली होती. तिच्या हातातली सुई हलत नव्हती.

मी म्हणाले, "बरं केलंत, आबा."